सत्तावीस नगांचा संसार

बडोद्यातील एका वाचक भगिनीचे दीर्घ पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातील मुख्य मजकूर असा:

"माझे वय ६१ आहे. माझ्या पणजोबांनी, म्हणजे आईच्या आजोबांनी, आपल्या मुलीसाठी तिच्या आठव्या वर्षी, १९२६च्या सुमारास, बाहुलीच्या घराचे लाकडी सामान स्वतः केले. ते बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले होते आणि संस्थानच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर होते. पलंग, खुर्च्या, आरामखुर्ची, आरशाचे कपाट, फडताळ, देव्हारा, चौरंग, पाट, पाळणा आणि पितळी कड्यांचा झोपाळा असे एकूण २७ नग आहेत. त्यांची यादी मोजमापांसह सोबत जोडली आहे. हे सामान आजीकडून आईकडे आले आणि पुढे ते माझ्याकडे येणार असे घरात सगळे धरून चालतात, कारण ते मुलीकडून मुलीकडे जाते. सध्या ते दांडिया बाजारातल्या जुन्या घरी तळमजल्यावरच्या एका ट्रंकेत आहे. तिथे आई भावाच्या कुटुंबासोबत राहते.

माझी मुलगी कॅनडात असते. तिला सहा वर्षांचा मुलगा आहे, मुलगी नाही. भावाची मुलगी नऊ वर्षांची आहे. पुण्याच्या धाकट्या बहिणीचे म्हणणे असे की तिघांनी नऊ-नऊ नग वाटून घ्यावेत. एका संग्राहकाने चांगली रक्कम देऊ केली आहे आणि भावाला ते पटते. विकायचे नसेल तर संग्रहालयाला द्यावे, असे तो म्हणतो. आई ८४ वर्षांची आहे, ती 'तुम्ही ठरवा' एवढेच बोलते. गेल्या दिवाळीत नातू आला होता तेव्हा त्याच्या हातून झोपाळ्याची एक कडी तुटली आणि फळीवरचा लाल-सोनेरी रंग एका जागी उडाला. तिथे आता पांढरट चकाकी दिसते. मी त्याच्यावर फार ओरडले. तो रडला आणि नंतर त्याने ट्रंकेचे नाव काढले नाही. तेव्हापासून किल्ली मी माझ्याकडे ठेवली आहे. हे सामान नक्की कोणाला द्यावे? शंभर वर्षे टिकलेली वस्तू माझ्या काळात बिघडावी, याची टोचणी लागली आहे."

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी मी तुमची यादी दोनदा वाचली, कारण तुमच्या पणजोबांविषयी पत्रापेक्षा ती यादी अधिक सांगते. पलंगाची लांबी ९ इंच, खुर्च्यांच्या बैठकीची उंची सव्वादोन इंच, फडताळाची उंची साडेसात इंच, अशी मापे तुम्ही दिली आहेत. खरा पलंग सहा फुटांचा, खुर्चीची बैठक दीड फुटावर आणि फडताळ पाच फुटांचे धरले, तर तिन्ही ठिकाणी एका फुटाला दीड इंच हेच प्रमाण निघते. नजरेच्या अंदाजाने केलेल्या खेळण्यांत असे घडत नाही. त्यात पलंग ऐसपैस होतो आणि खुर्ची बुटकी राहते. याचा अर्थ त्यांनी आधी कागदावर आराखडा काढला असणार, आणि कलाभवनात शिकलेल्या माणसाकडून तीच अपेक्षा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले आणि त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. हाताचे कौशल्य आणि मोजमापाचे शास्त्र एकाच छताखाली शिकवावे, हा तिथला विचार होता. आईच्या जुन्या कागदपत्रांत, एखाद्या वहीत किंवा पंचांगाच्या घडीत तो आराखडा अजून असू शकतो. तो शोधावा, असे मला फार मनापासून वाटते.

याच यादीत आरामखुर्चीपुढे तुम्ही लिहिले आहे: "एक पाय फिकट लाकडाचा, पूर्वीपासून." या नोंदीपाशी मी थांबले. बाकी सगळी खुर्ची शिसवी असताना कोणताही कारागीर एक पाय मुद्दाम फिकट लाकडाचा करणार नाही. तो पाय केव्हातरी मोडला, आणि घरातल्या कोणीतरी हाताशी होते त्या लाकडातून, मूळच्या पायासारखा आकार देऊन, नवा बसवला. मोडणारी तुमची आजी असेल किंवा आई असेल. कदाचित तुम्ही किंवा तुमची बहीणही असाल. ज्याने कोणी तो दुरुस्त केला त्याने त्यानंतर ट्रंकेला कुलूप लावले नाही, कारण त्याच खुर्चीशी तुमचे बालपण गेले. तेव्हा वस्तू शंभर वर्षे अखंड टिकली आणि तुमच्या काळात प्रथमच बिघडली, हा तुमचा समज तुमच्याच यादीवरून खरा ठरत नाही. वापरात मोडणे आणि कोणीतरी ते नीट करणे, अशा क्रमाने ती इथवर आली आहे.

झोपाळ्याची टोचणी लागली आहे असे तुम्ही लिहिता. परंतु पत्रात जे तुम्ही दोन छोट्या वाक्यांत उरकले आहे, त्यात एका सहा वर्षांच्या मुलाचे रडणे आहे, आणि मला तीच जागा अधिक दुखरी वाटते. झोपाळा समोर आल्यावर त्याने तो हलवून पाहिला. झोपाळा हलावा म्हणूनच तर त्याला पितळी कड्या लावल्या होत्या. कडी जुनी झाली होती, ती त्या दिवशी तुटली. तुम्ही ओरडलात याचे मला नवल वाटत नाही, कारण त्या क्षणी तुमच्या डोळ्यांसमोर आई आणि आजी उभ्या राहिल्या असतील. पण मुलाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या लेखी या ट्रंकेचा अर्थ आता आजीचा राग असा झाला आहे, आणि सत्तावीस नगांचे काहीही ठरवण्याआधी ही एक गोष्ट तुम्हाला दुरुस्त करता येण्यासारखी आहे. त्याविषयी शेवटी लिहिते.

आता "मुलीकडून मुलीकडे" या रीतीविषयी. ही रीत कोणी ठरवली, हे तुमच्या पत्रात कुठेही नाही. पणजोबांनी ते आपल्या मुलीसाठी केले, तिने आपल्या मुलीला दिले. एवढ्या दोन घटनांवरून घराने नियम बांधला. तुमच्या आजीला आणखी अपत्ये होती का, आणि असतील तर आईलाच का दिले, हे आईला विचारलेत का? कदाचित ती एकटी मुलगी होती, कदाचित तिलाच त्याची आवड होती, किंवा फक्त तिचेच घर बडोद्यात होते. कारण कळले की नियम किती पाळायचा हेही कळेल. मला स्वतःला असे वाटते की हे सामान एका पुरुषाने, नोकरीवरून घरी आल्यावर उरलेल्या वेळात, इतक्या मायेने केले, त्या सामानापासून घरातल्या मुलग्याला केवळ मुलगा म्हणून दूर ठेवणे हे त्या करणाऱ्यालाच रुचले नसते. भातुकली मुलींची, हा आपल्याकडचा जुना संस्कार आहे. मुलीला पुढच्या संसाराची सवय व्हावी, असा त्यामागचा हेतू सांगितला जाई. आज घर चालवणे हे दोघांचे काम आहे असे आपण म्हणतो, तर खेळातही तेच दिसायला हवे.

जगात या वस्तूंच्या दोन परंपरा होत्या आणि तुमच्या घरातला वाद नकळत त्याच दोन परंपरांमधला आहे, म्हणून थोडे विषयाला लागूनच सांगते. सतराव्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत बाईंनी कपाटाएवढे बाहुलीघर सजवले. ते आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. ते मुलांनी खेळण्यासाठी नव्हते, घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी होते. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे बाहुलीघर बांधले गेले त्याचे वास्तुकार एडविन ल्युटेन्स, म्हणजे नवी दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाची रचना करणारेच. ते आज विंडसर कॅसलमध्ये आहे. त्यात वीज आहे, नळांना पाणी येते, लिफ्ट चालते, आणि तेही मुलांसाठी नाही. तुमच्या पणजोबांनी साधारण त्याच काळात बडोद्यात बसून जे केले ते मात्र आठ वर्षांच्या मुलीच्या हातात देण्यासाठी केले. कपाटाची दारे उघडतात, पाळणा हलतो, देव्हाऱ्यात बोटाएवढी मूर्ती बसते, असे तुम्ही लिहिले आहे. उघडणारी दारे पाहुण्यांसाठी कोणी करत नाही. त्यामुळे हे सामान जपायचे म्हणजे कुलपात ठेवायचे, हे गृहीतक मला मान्य करता येत नाही. त्याचबरोबर ते रोज मुलांच्या हाती द्यावे, असेही मी म्हणणार नाही, कारण शंभर वर्षांचे लाकूड आणि सांधे आता नाजूक झाले आहेत. या दोहोंमध्ये वाट आहे आणि ती आपल्या घरांना चांगली परिचयाची आहे.

त्याआधी वाटणीविषयी. सत्तावीसला तिघांनी भागले की नऊ येतात आणि हिशेब सोपा दिसतो. तुमच्या बहिणीच्या मनात लोभ नाही, आईच्या घरातले काहीतरी आपल्याही घरी असावे एवढीच तिची इच्छा असावी, आणि ती पूर्णपणे रास्त आहे. पण आमच्या घरी असे घडले आहे, म्हणून सांगते. माझ्या आजीची पितळी भातुकली तिच्या पश्चात चौघी नातींत वाटली गेली. चूल एकीकडे गेली, पातेली आणि झाऱ्या दुसरीकडे, जाते आणि उखळ तिसरीकडे. माझ्या वाट्याला बंब आणि दोन घागरी आल्या. कोणावर अन्याय झाला नाही, सगळे गोडीने झाले. त्यानंतर त्या भातुकलीत एकदाही स्वयंपाक झालेला नाही, कारण चुलीशिवाय पातेले काय करणार आणि पातेल्याशिवाय चूल काय करणार. माझ्या घागरी काचेच्या कपाटात आहेत आणि माझ्या मुलांना त्या कशाच्या आहेत हे सांगावे लागते. तुमच्या घरी पलंग पुण्याला, देव्हारा दांडिया बाजारात आणि पाळणा तुमच्याकडे गेला, तर एकाही घरात बाहुलीचे घर उरणार नाही. एका माणसाने एका प्रमाणात एक संसार केला होता. तो मोडू नका, ही या पत्रातली माझी एकमेव हट्टाची विनंती आहे.

संग्राहकाविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण तुमचा कल विकण्याकडे नाही हे पत्रातून स्पष्ट दिसते. तरीही भावाच्या म्हणण्याला उत्तर देताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कपाटाच्या मुठी हस्तिदंती असाव्यात, असे तुम्ही यादीत नोंदवले आहे. त्या काळी हाडाच्या मुठीही सर्रास वापरत, आणि वरवर पाहता दोन्ही सारख्याच दिसतात. परंतु त्या खरोखरच हस्तिदंताच्या निघाल्या तर आपल्या देशात हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, आणि तो नग कोणत्याही किमतीला विकता येणार नाही. दुसरी गोष्ट कॅनडाची. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींविषयीच्या १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तुमचे सामान नेमके त्या उंबरठ्यावर आहे. म्हणून मुलीच्या बॅगेत एखादा नग आठवण म्हणून टाकण्याचा विचार मनात आला, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आधी चौकशी करावी. एका अर्थी याने तुमचा एक प्रश्न सुटतो: सामान बडोद्यातच राहणे सर्वांत निर्धोक आहे.

संग्रहालयाला देण्याचा पर्याय वाईट नाही, पण घाईचा आहे. संग्रहालयाकडे मांडून दाखवता येण्यापेक्षा कितीतरी अधिक वस्तू असतात, आणि दिलेली वस्तू कायम मांडलेली दिसेल अशी हमी सहसा मिळत नाही. देण्याआधी लेखी विचारावे, अटी समजून घ्याव्यात, आणि तिन्ही भावंडे खरोखरच सांभाळू शकत नसतील तेव्हाच हा मार्ग धरावा. मात्र आपल्या गावात एक मोठी सोय आहे, तिचा उपयोग जरूर करावा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२पासून आहे. अशा वस्तूंची नोंद कशी करावी आणि त्या कशा ठेवाव्यात हे शिकणारे-शिकवणारे लोक तुमच्या घरापासून फार लांब नाहीत. वस्तू न देताही त्यांचा सल्ला मागता येतो.

आता ती परिचयाची वाट. आपल्याकडे अनेक घरांत गणपती एकच असतो आणि भाऊ चार असतात. मूर्तीची वाटणी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. पाळी लावली जाते. ज्याची पाळी त्याच्या घरी गणपती बसतो, बाकीचे तिथे जेवायला जातात, आणि देव कोणाचा असे विचारले तर उत्तर "आमच्या घराचा" असे येते. या सामानालाही पाळी लावावी. तुम्ही विचारता की ते कोणाला द्यावे. या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत: सांभाळायचे कोणी, खेळायचे कोणी आणि ठरवायचे कोणी. सांभाळणे पाळीने येईल. खेळण्याचा हक्क घरातल्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, राहील. विकणे, दान देणे, रंगवणे किंवा एखादा नग बदलणे हे तिन्ही भावंडांच्या एकमताशिवाय होणार नाही. हे तिन्ही प्रश्न सुटे केले की तुमच्या मुलीला मुलगी नाही, ही गोष्ट वादातून आपोआप बाजूला होते.

पाळी किती काळाची, हे तुम्ही ठरवा. मला एका चैत्रापासून तिसऱ्या चैत्रापर्यंत असा काळ सोयीचा वाटतो, कारण दरवर्षी हलवाहलव केली तर सामानाला त्रास होईल. पुण्याच्या बहिणीची पाळी आली म्हणजे ट्रंक पुण्याला गेलीच पाहिजे, असे नाही. तिने चैत्रात चार दिवस येऊन आपल्या हाताने सगळे मांडले, तर तिची पाळी झाली. एक अट मात्र ठेवाच: ज्याची पाळी त्याने वर्षातून एकदा तरी सत्तावीसच्या सत्तावीस नग बाहेर काढून मांडायचे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आरास त्यासाठी उत्तम. आरास मांडताना जमिनीवर सतरंजी घालावी, मुलांना भोवती बसवावे, एक मोठे माणूस शेवटपर्यंत तिथेच बसावे, आणि मुलांनी धुतलेल्या कोरड्या हातांनी सामान मांडावे, हलवावे, बाहुलीचे लग्न लावायचे असेल तर लावावे. चैत्रात गौर झोपाळ्यात बसवतात. तुमच्या घरी कधी या छोट्या झोपाळ्यात गौर बसली होती का, हे आईला विचारून पाहा. मला तशी दाट शंका आहे, कारण तेवढा एकच नग इतका सजवलेला आहे.

आईच्या "तुम्ही ठरवा" या शब्दांचा अर्थ तुम्ही उदासीनता असा घेतलेला दिसतो. मला त्यात मुलांपैकी कोणालाही दुखवण्याची भीती ऐकू येते. "कोणाला देऊ?" असे विचारले की ८४ वर्षांच्या आईला तिघांतून एकाची निवड करावी लागते, आणि ती गप्प बसते. त्याऐवजी एका दुपारी ट्रंक तिच्या खोलीत न्या, एकेक नग तिच्या हातात द्या आणि याच्याशी कसे खेळायचात, हे विचारा. भावाची मुलगी जवळ असू द्या आणि तिच्याकडे फोनवर आवाज मुद्रित करण्याचे काम द्या. नऊ वर्षांच्या मुलीला हे काम चांगले जमते, शिवाय तिला या वस्तूंविषयी काय वाटते, हे आजवर कोणी विचारल्याचे पत्रात दिसत नाही. आरामखुर्चीचा पाय कोणी बसवला हे कदाचित त्याच दुपारी कळेल.

हे झाल्यावर कागदाचेही काम उरकून घ्या. सामान आज आईचे आहे. तिने काहीच लिहून ठेवले नाही तर तिच्या पश्चात १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुली यांचा त्यावर सारखा हक्क येईल, म्हणजे पुन्हा नऊ-नऊ नगांच्या हिशेबाला वाट मिळेल. "हे सामान एकत्र राहावे आणि तिघांनी पाळीने सांभाळावे" एवढी इच्छा तिने मृत्युपत्रात लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि साक्षीदारांनीही सही केली तरी पुरते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. सोबत तुमची यादी जोडा. यादीतल्या प्रत्येक नगाचे, शेजारी फूटपट्टी ठेवून, चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रती तिघांकडे ठेवा. लाकडावर पेनाने आकडे लिहू नका; मऊ दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधावी.

झोपाळ्याची दुरुस्ती तुम्हाला वाटते तितकी कठीण नाही. लाल-सोनेरी काम आणि उडालेल्या जागी पांढरट चकाकी, या वर्णनावरून तो संखेड्याच्या पद्धतीचा दिसतो. डभोईच्या पुढे असलेल्या संखेड्यात कातारी लोक सागाचे कातीव काम करतात. कथलाची पूड सरसात कालवून त्या रुपेरी रंगाने ते नक्षी काढतात, ती अकिकाच्या दगडाने घोटतात आणि वर लाखेचा थर देतात. लाखेतून पाहिले की तीच रुपेरी नक्षी सोनेरी भासते. म्हणजे तुम्हाला जी चकाकी दिसते ते बहुधा खालचे कथील आहे. नक्षी जागेवर आहे, वरची लाख तेवढी गेली आहे. यातून आणखी एक गोष्ट कळते: बाकी शिसवी सामान पणजोबांनी केले असले तरी झोपाळा त्यांनी संखेड्याच्या कारागिराकडून, आपली मापे देऊन, करून घेतला असावा. त्या अनाम कारागिराचाही या संसारात वाटा आहे, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा तिकडेच जाणे मला उचित वाटते. मात्र संपूर्ण फळी नव्याने रंगवून "नवीसारखी" करून देण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नकार द्या. उडाली तेवढीच जागा भरून घ्या, किंवा तशीच राहू द्या.

घरच्या निगराणीतल्या चुका बहुधा चांगल्या हेतूनेच होतात, म्हणून सांगते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि शिसवी लाकडावरचे जुने फ्रेंच पॉलिशही लाखेचेच असते, त्यामुळे सॅनिटायझर, स्पिरिट किंवा काच पुसायचे द्रव यांपैकी काहीही जवळ आणू नये. ओले फडकेही नको आणि खोबरेल तेलही नको, कारण तेलावर धूळ बसते. मऊ कोरडा कुंचला पुरे. सुटलेला सांधा फेविकॉलने चिकटवू नका. जुने सुतारकाम सरसाने जोडलेले असते. सरसाचा सांधा थोड्या उबेने आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो, त्यामुळे पुढच्या पिढीला दुरुस्ती करता येते. बारीक भोकांखाली ताजी भुकटी पडलेली दिसली तर लाकडाला कीड आहे असे समजून तो नग तत्काळ वेगळा करा आणि जाणकाराला दाखवा. डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाची पुरचुंडी ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवा, ती लाकडाला टेकू देऊ नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीतही कोंडू नका. धुऊन मऊ झालेले मलमल घ्या. आणि ट्रंक या पावसाळ्याआधी तळमजल्यावरून वर हलवा. २०१९चा जुलै आणि २०२४चा ऑगस्ट पाहिलेल्या बडोदेकराला विश्वामित्री नदीच्या पुराविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

रोजच्या खेळासाठी काय, हा प्रश्न उरतो. मुलांसाठी काही नवे नग करून घ्या: एक पलंग, दोन खुर्च्या, एक साधा झोपाळा. बाजारात मिळणारे बाहुलीचे सामान पुष्कळदा फुटाला एक इंच या प्रमाणात असते आणि तुमच्या सामानाशेजारी ते खुजे दिसेल, म्हणून सुतारमिस्त्रीला दीड इंचाचेच प्रमाण सांगा. आराखडा सापडला तर तोच त्याच्या हाती द्या, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या रेघांवरून पुन्हा लाकूड कापले जाईल. हे नवे नग कॅनडालाही जाऊ शकतात, पुण्यालाही जाऊ शकतात, आणि मोडले तर कोणाचा जीव कासावीस होणार नाही. तुमच्या बहिणीलाही, तिच्या घरी काहीतरी असावे या इच्छेचे, यात उत्तर मिळेल. ज्या कुटुंबांत अशी एकच जुनी वस्तू आणि वारस अनेक आहेत, त्यांनाही हाच मार्ग मी सुचवेन: मूळ वस्तू एकत्र ठेवावी आणि तिच्या मापांवरून प्रत्येक घरासाठी नवे करून घ्यावे.

आता नातवाकडे येते. त्याला फोन करा, शक्य तर त्याच्या आईला बाजूला ठेवून थेट त्याच्याशी बोला. तुम्ही ओरडलात ते चुकले, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. सहा वर्षांच्या मुलाला ते नीट समजते. मग त्याला त्या आरामखुर्चीच्या फिकट पायाचा फोटो दाखवा आणि तो केव्हातरी कोणाच्या हातून मोडला होता, हे सांगा. झोपाळ्याला नवी कडी लावायची आहे आणि ती तो आल्यावर त्याच्यासोबत लावायची आहे, असेही सांगा. दरम्यान तुटलेल्या कडीचे दोन्ही तुकडे एका पाकिटात घालून, वर तारीख लिहून, ट्रंकेत ठेवा. शाबूत कडीची जाडी आणि आतला व्यास मोजून ठेवा, म्हणजे तांबट किंवा सोनाराकडे जाताना नमुना म्हणून ती कडी झोपाळ्यावरून काढावी लागणार नाही. कडी बसवताना झोपाळा तुम्ही धरा आणि पक्कड त्याच्या हातात द्या.